कलमाखालचं

वेल्टाची लायलॅक पांढरी होती, भरगच्च पाकळ्यांची, कलमी.
रीगाहून आणताना बसमध्ये तिनं ती मांडीवर घेतली होती,
कंडक्टरनं मागितलं असतं तर तिचं तिकीटही काढलं असतं,
असं तीच सांगायची, कुंपणावर कोपरं टेकून.

मी कुंपणाच्या अलीकडची. माझ्याकडे बटाटे, शेपू
आणि इमांत, न बोलणारा.

अकरा वर्षं भांडलो आम्ही त्या झाडावरून.
त्याची पोरं जमिनीखालून यायची माझ्या वाफ्यात,
विचारल्यावाचून, दरवर्षी वीतभर पुढं.
मी कुदळ घालायची. ती म्हणायची, असू दे गं, फुकटचं आहे.
मी म्हणायची, फुकटचं नको.

एक राहिलं. हातपंपाच्या मागे, नजरेआड.
चुलीतली राख तेवढी तिथं ओतायची मी,
हिवाळ्यात त्यापुढं पाऊल टाकवत नाही म्हणून.
लायलॅकला राख मानवते, हे मला कुठं ठाऊक.

वेल्टानं मात्र शिकवणी सुरू केली.
फुलं सरली की लगेच तुरे काप, जूनमध्येच,
उशीर केलास तर पुढचं वर्ष कापशील.
फांदी घरात आणलीस तर बुडखा हातोडीनं ठेच,
पानं काढून टाक, ती फुलांच्या तोंडचं पाणी पळवतात.
आणि रात्री खिडकी उघडी ठेव,
नाहीतर वास डोक्यात चढतो, गेलेली माणसं येतात.

सातव्या वर्षी त्याला फूल आलं.
पांढऱ्याची वाट पाहत होते, खोटं कशाला बोलू.
आलं जांभळं. एकेरी.
स्टेशनमागे, दफनभूमीच्या भिंतीशी, कुठंही असतं तसलं.

वेल्टा बघत राहिली बराच वेळ.
"हे माझं नाही," म्हणाली, "माझ्या खालचं आहे.
वर कलम बांधतात. मुळं दुसऱ्याच कुणाची."

मग तो हिवाळा, उणे एकतीसचा.
तिची पांढरी जळाली, कलमाच्या गाठीपर्यंत.
वसंतात तिच्याकडेही जांभळंच फुटलं.
ती चार दिवस बाहेर आली नाही.
पाचव्या दिवशी आली ती कात्री घेऊन,
आणि माझ्या बाजूचे तुरे कापून नेले,
विचारल्यावाचून.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ठोकठोक.
इमांत फांद्या ठेचत होता, माझ्याच पाट्यावर.
मग चष्मा लावून बसला, एकेक फूल उलटं करून बघत,
चार पाकळ्या, चार, चार,
सूप निवलं तरी.
पाच पाकळ्यांचं सापडलं तेव्हा
बोटानं माझ्याकडे सरकवलं, मिठाच्या वाटीला वळसा घालून.
"खा," म्हणाला. "काहीतरी माग."

कडू होतं. गिळलं.
काय मागितलं ते सांगायचं नसतं.

खिडकी उघडायची राहून गेली त्या रात्री.