पत्र्याखालची खुर्ची

ओजस म्हणतो, आत्या, इथे आधी दगड निवडायचा,
मग भिंत, मग छप्पर,
सगळ्यात शेवटी सुतार.
सुतार कुणीही चालतो.
स्क्रीनवर एक टोपीवाला उभा आहे, हातात पटाशी,
त्याला ना नाव, ना खोकला.

मातीची भिंत असली तर टेबल 'साधारण'.
विटांची असली तर 'बरे'.
घडीव दगड, वर सागाचे वासे, उत्तरेला खिडकी:
तेच लाकूड, तोच टोपीवाला,
आणि टेबल 'उत्कृष्ट', कडेने सोनेरी चमकतं.

मी म्हटलं, खोटं आहे हे.
कारागिराच्या हातात असतं सगळं.

वाक्य माझं नाही, अण्णांचं.
तारागंजच्या शेडमध्ये रोज एकदा तरी म्हणायचे,
बहुतेक वेळा गिऱ्हाईक परत गेल्यावर.

पण मेमध्ये ग्वाल्हेर पेटायचं,
आणि पत्रा तडतडायचा, जणू वर कुणी चणे भाजतंय.
सरस खाचेत ओतेपर्यंत
त्यावर साय धरायची.
हरबिलास कूस हातात धरून उभा:
मालिक, गोंद मर गया.
जानेवारीत उलट. धुकं दाराच्या फटीतून येऊन
कामाला असल्यासारखं दिवसभर बसायचं,
तीन दिवस सांधा ओला,
चपड्याच्या पॉलिशवर दुधाळ डाग.
लू सुटली की वार्निशात वाळू.
अण्णा तळहात फिरवायचे खुर्चीच्या पाठीवरून
आणि काही बोलायचे नाहीत.

दोन दारं सोडून फाळक्यांचा कारखाना,
वर दगडी पटिया, आत भर दुपारी गारवा.
त्यांचा मिस्त्री अण्णांपेक्षा दोन बोटं कमीच,
असं हरबिलासने एकदा पिऊन सांगितलं.
पण त्यांच्या खुर्च्या करकरत नसत.

दर दिवाळीला अण्णा हिशोब मांडायचे
फळीच्या तुकड्यावर, पेन्सिलने:
पटिया इतक्या, गर्डर दोन, मजुरी, हमाली.
बेरीज करायचे. कानामागे पेन्सिल खोचायचे.
मग त्याच फळीवर रंधा मारून
ती लावायचे कुणाच्या तरी कपाटाला, मागून.
लष्करात असतील अशी दहा-बारा कपाटं,
पाठीशी सोलून काढलेलं छप्पर घेऊन उभी.

चहा निवला होता.
मी म्हटलं, ओजस, पत्रा आहे का तुझ्याकडे?
होता. यादीत सगळ्यात खाली, फुकट.
घाल. खिडकी नको. भिंत एका विटेची.
आता शिसवाची खुर्ची करायला सांग.
लाकूड चांगलं दे, हं. लाकूड आमचं चांगलंच असायचं.

टोपीवाला वाकला, ठोकलं, घासलं.
'कनिष्ठ'. राखाडी अक्षरं.
मी चष्मा कपाळावर सारून जवळ गेले.
मागचा डावा पाय जरासा आखूड.
आमच्या स्वयंपाकघरात आहे ही,
पायाखाली लग्नपत्रिकेची घडी, पंचवीस वर्षं तीच.

पाडू का शेड? ओजसने विचारलं,
पाडली की अर्धं सामान परत मिळतं.

नको, म्हटलं. असू दे.
एवढं बघ,
त्याला मधे पाणी प्यायला द्यायचं असेल
तर कुठलं बटण?

ओजस बराच वेळ
यादी वरखाली करत राहिला.