मानवत रोड

नऊ मिलिमीटरचा रूळ.
खाली प्लायवूड, जिंतूर रोडच्या वखारीतलं.
थर्माकोलच्या डोंगरावर चाळलेली काळी माती;
मे महिन्यात तीही भेगाळली,
तेव्हा एकटाच हसलो.
चेरीचा बहर म्हणजे भांड्यांचा स्पंज,
रंगपंचमीच्या उरल्या गुलाबीत बुडवलेला.

स्टेशनच्या पाटीवर जपानी अक्षरं.
शेजारची निलोफर म्हणाली, काका, काय लिहिलंय?
मी म्हटलं, मानवत रोड.
तिला पटलं.

रोज संध्याकाळी जुन्या बनियनला स्पिरिट लावून
रूळ पुसायचो.
परभणीची धूळ कुठंही शिरते.
लाईट गेली की गाडी बोगद्यातच,
अंधारात आणखी एक अंधार.

आता बदलीचा कागद.
नांदेडच्या घरात एवढी भिंत नाही.
सांधे नखानं सोडवतोय,
पाकिटांवर नंबर घालतोय,
सात नंबरचं वळण सापडत नाही.

फाटकाजवळचा छत्रीवाला तेवढा निघाला नाही.
फेव्हिक्विक.
ओढला तर पाय तुटले असते.

प्लायवूड घरमालकांनी मागून नेलं,
गच्चीवरच्या टाकीला झाकण.
पाणी दहाव्या दिवशी येतं.
तो उभाच आहे तिथं,
उन्हात, छत्री उघडून.