खूण

कोर्टामागच्या गल्लीत माझं बाइंडिंगचं दुकान.
द्वारका आरडे ताडीवाला रोडहून चालत आल्या,
पिशवीतून पाठ मोडलेलं पुस्तक काढलं.
"संविधान आहे. आमच्या ह्यांचं होतं. शिवून द्या."

चार दिवस ते शिकंज्याशेजारी पडून होतं,
आणि उघड्या पडलेल्या पुस्तकावर कुणीही बोलतं.

शास्त्री रोडच्या अभ्यासिकेतला पोरगा
नोट्स स्पायरल करायला आलेला:
"काका, ह्याचे मार्क पक्के. कलमं झोपेत विचारा."
विचारलं नाही. झोप त्याला मिळालेली दिसत नव्हती.

निवृत्त नायब तहसीलदार घाटपांडे:
"शंभरावर ठिगळं. मूळ कापड उरलंय कुठे?"
मी म्हटलं, साहेब,
ठिगळ लावतात ते अजून अंगात घालायचं असतं म्हणून.
(मला पटलं होतं असं नाही. धंद्याची बाजू घेतली.)

ॲडव्होकेट नाडगौडा बाई घाईत होत्या, तरी बोलल्या:
"भाग तीनवर भांडता येतं.
भाग चार म्हणजे लग्नपत्रिकेतलं 'कृपया आहेर आणू नये'."

चहा ठेवता ठेवता बशीर म्हणाला,
"वस्ती पाडायला आले, तेव्हा एक जण हेच धरून उभा राहिला."
घरं वाचली?
"आठ दिवस."
मी हसलो. तो हसला नाही.
"आठ दिवसांत भांडी निघाली, पोरीची परीक्षा झाली."

जुना दोरा उसवताना
पीएमटीचं एक पिवळं तिकीट खाली पडलं.
कुठल्या पानातलं, पाहायचं राहून गेलं.
आडनाव आठवलं, वस्ती आठवली,
आणि मी ते सतराव्या कलमात ठेवून दिलं,
अस्पृश्यता नष्ट, तिथे.
फार विचार केला नाही. तेच आता टोचतं.

द्वारकाबाईंना वाचता येत नाही.
त्यांनी अंगठ्याने पानांची जाडी चाचपली.
"इथं नव्हतं. आणखी थोडं आत."
तिकीट सरकवलं, तळव्याने पान सपाट केलं.
मी समोरून उलटं वाचलं:
त्रेचाळीस. निर्वाह वेतन.
भाग चार.

"झाडलोटीच्या ठेक्यावर होते.
पगार थकला, की हे पान काढून बसायचे."
मग काय व्हायचं, मी विचारलं नाही.

दीडशे झाले. त्यांनी मोजून दिले,
मीही मोजून घेतले.
निघताना एवढंच सांगितलं,
नवी शिलाई ताठ असते, बाई.
आपोआप उघडायचं नाही काही दिवस.
जोर लावून उघडा.