बोथट सुरी

इसाफ्योर्दुरच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं
सिगुरवेगनं कॉड साफ केला.
नियम एकच: काट्याला मांस राहू द्यायचं नाही.

आता हातात ही लवलवती, बोथट सुरी,
आणि हिला काही कापायचंच नाहीये.

पहिल्या हिवाळ्यात तिनं रंग लावला
नि सगळा खरवडून काढला.
"नेटकं काम," म्हणाला शेजारचा हाल्मार
कोऱ्या कॅनव्हासकडे बघत.

अ‍ॅक्रिलिक कुणासाठी थांबत नाही.
कॉफी ओतून येईस्तोवर निळ्यावर साय धरते,
मग ओढावं तर फाटतं.
ती शिव्या घालते, पण हळू;
खाली पाद्री राहतात.

दुसऱ्या हिवाळ्यात डोंगराचा केक झाला.
तिसऱ्यात एक होडी, दोन नाकांची.

काल मात्र पांढरा जाडसर उचलला,
पात्याची पाठ नुसती टेकवली,
दाबली नाही,
आणि हात वर घेतला.

फ्योर्डच्या कडेवर बर्फ राहिला.

किती तरी वेळ ती मनगटाकडे बघत होती.
ह्याला ठेवूनही येता येतं?

सवयीनं पातं नाकाशी नेलं.
मासा नव्हता.
धुवायला उठली,
तोवर वाळलंच होतं.