पत्ता मागून वाचावा

बोल्गाटांगा. लॉरी स्टँडच्या मागं,
टोपल्या विणणाऱ्या बायकांच्या ओळीला लागून
माझं दुकान : दोन संगणक, एक छपाईयंत्र,
एका कळफलकावरचा ई झिजून पुसलेला.
हरमॅटनचे दिवस. वाळवंट हवेतून येतं
आणि पडद्यावर बसतं. मी बाहीनं पुसतो.

लमीसी आली. गुरुवारची म्हणून लमीसी,
आणि आलीही गुरुवारीच.
प्लास्टिकच्या पिशवीत प्रवेशपत्र,
नर्सिंग कॉलेजचं, सोनेरी शिक्का.
"उद्यापर्यंत भरायचेत," म्हणाली,
"आईनं अठ्ठावीस टोपल्यांचे वेगळे बांधून ठेवलेत.
फक्त छापून दे."

पत्ता मागून वाचावा
हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नाही.
माझा बाप गुरं घ्यायला जायचा बाजारात,
आधी तोंडाकडे बघायचाच नाही,
मागं जाऊन उभा राहायचा.
"तोंड मालक धुऊन आणतो," म्हणायचा,
"शेपटीखालचं कोण धुणार?"

तर शेवटी जीएच असावं, त्याच्या अलीकडे एज्यू.
मग निदान कुणीतरी कुणाला तरी
कागद दाखवून ते घेतलेलं असतं.
लमीसीच्या पत्त्यातही एज्यू होतं,
पण अगदी पुढं,
परक्या लग्नात घुसून
नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढावा तसं.
मग एक आडवी रेघ, मग कॉलेजचं नाव,
आणि शेपूट असं, जे कुणालाही मिळतं,
जातगोत न विचारता, चार डॉलरला.
पानभर हिरवळ. आमच्याकडे, जानेवारीत.
सहा परिचारिका हसणाऱ्या,
एकीच्याही बुटावर धूळ नाही.

"खोटं आहे," असं म्हणायला तोंड उघडलं
आणि बाहेर अबुग्रीची तीनचाकी फटफटली.

दोन वर्षांपूर्वी तोही असाच आला होता.
त्याच्या कॉलेजचा पत्ता फुकटातला,
अक्षरं लाल, लुकलुकणारी,
एकच फोटो, गंजक्या फाटकाचा, तोही तिरका.
मी मागून वाचलं, शेपूट पाहिलं,
छाती काढून सांगितलं, "जाऊ नकोस."
ते खरं होतं.
खरं, आणि गरीब.
वर्ष उलटल्यावर कळलं.
अबुग्री काही बोलला नाही, अजूनही बोलत नाही.
स्टँडवर कांद्याची पोती वाहतो
आणि छपाईला पलीकडच्या दुकानात जातो.

म्हणून आता मी फोनही लावतो.
पत्रावरचा नंबर. पलीकडे गोड आवाज.
विचारलं, फाटकासमोर झाड कुठलं?
"आमचा परिसर निसर्गरम्य आहे, सर."
विचारलं, टमालेच्या गाडीतून कुठं उतरायचं?
"आधी फी भरा, सर, मग मार्गदर्शन मिळेल."
विचारलं, पहारेकऱ्याचं नाव?
फोन ठेवला गेला.

खऱ्या ठिकाणी एखादा तरी वैतागतो.
म्हणतो, झाड कापलं गेल्या साली,
तुला काय करायचंय?

लमीसी कागदाकडे बघत राहिली.
रडली नाही. नखानं शिक्का खरवडला,
सोनेरी भुकटी बोटाला आली.
"काका," म्हणाली, "आणि मागून बरोबर असलेलं
एखादं कॉलेज आहे का?"

मी ई च्या जागी बोट ठेवलं, सवयीनं.
पान उघडायला लागलं वरून खाली,
एकेक रेघ, जशी टोपली विणतात.
आकाश आलं. पाण्याची टाकी आली.
फाटकाची वरची कमान आली, दोन अक्षरं उडालेली.

आणि वीज गेली.

आम्ही बसून राहिलो.
बाहेर तिची आई कुणाशी तरी
एकोणतिसाव्या टोपलीचा भाव करत होती.