पत्र्यातलं भोक

सीट काढल्या. चार बोल्ट निमूट निघाले,
पाचव्याने अर्धी सकाळ खाल्ली
आणि शेवटी मान टाकली.
मग गालिचा. गालिचा कसला,
बावीस वर्षांच्या लेंड्या, डिझेल, वाळू
आणि तातांनी वळणावळणावर सांडलेला रूइबोस चहा,
सगळं एकजीव होऊन बसलेलं कांबळं.
ओढलं तेव्हा गाडीने कातडं सोडल्यासारखा आवाज केला.

विलेम म्हणाला, नवा टाक, विंडहुकला मिळतो.
म्हटलं, नको. लाइनर मारायचा,
काळा, खरखरीत, पाइप लावून धुता येईल असा.
कीटमान्सहूपला पाऊस येतो तो पत्ता चुकून,
धूळ मात्र घरचीच.

डांबरी पट्टे हीट गनने मऊ करायचे, खरवडायचे,
पुन्हा मऊ करायचे.
तिसऱ्या दिवशी, डाव्या बाजूला,
जिथे माझे पाय असायचे तिथे,
टिनचं झाकण, चार रिव्हेट.
झाकणाखाली
ते.

मुठीएवढं. कडा गंजून बिस्किटासारख्या.

त्यातून मी रस्ता पाहायची.
पुढच्या काचेतला रस्ता यायचा बैलासारखा,
यातला पळायचा.
खडीच्या नुसत्या रेघा.
फाटक आलं, ताता उतरले,
की रेघांचे पुन्हा दगड व्हायचे.
पीचच्या बिया टाकल्या एकेक, पार आरोआबपर्यंत.
झाड उगवलं की नाही, बघायला कोण गेलंय.

आणि एकदा आईची अंगठी.
ती ॲशट्रेत ठेवून आई गेली होती वाल्विस बेला,
मासळीच्या कारखान्यात.
परत कधी, ते पत्रात नव्हतं.
रागाने टाकली असं मी पुढे नवऱ्याला सांगितलं.
खोटं. मला बघायचं होतं
तिचीही रेघ होते का.

दिसलंच नाही काही. इतकी लहान होती.

दुसऱ्या दिवशी तातांनी झाकण ठोकलं.
विचारलं काही नाही.
आई आली त्या पावसाळ्यात, तिनेही नाही.

आता विलेमने ठिगळ डाग देऊन बसवलं.
मी गंज घासला, ॲसिटोनने पुसलं,
चिंधी काळी, मग तपकिरी, मग एकदाची पांढरी.
प्रत्येक भोकात जुना बोल्ट, त्यावर टेप.
पाणी निघायला एक छिद्र ठेवायचं असतं, ते ठेवलं.
पहाटे पाचला डबा हलवला, दोन मिनिटं मोजून.
ऊन चढलं की मिश्रण डब्यातच मरतं.

तोंडाला मास्क, आत माझाच श्वास.
बंदूक धरली की हात थांबवायचा नाही,
थांबला तिथे थर ओघळतो.
पहिला हात विरळ, खालचं सगळं दिसणारा.
तासाने दुसरा.
कुठूनसा एक पतंग आला आणि ओल्यात बसला.
चिमट्याने काढायला गेले, पंख तिथेच राहिला.
राहू दे म्हटलं. त्यावरूनच मारलं.

टेप ओली असतानाच ओढायची,
वाळली तर थर सोबत उचलून नेते.
विलेमने हे मला तीनदा सांगितलं.
मी तीनदा हो म्हटलं.

ताता शेडबाहेर,
काढून ठेवलेल्या त्यांच्याच सीटवर बसलेले,
गाडी चालवतात तसे, हात मांडीवर तयार.
डोळ्यांत आता धुकं आहे, नाक शाबूत.
डांबराचा वास कमी झाला म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने,
“ते भोक बुजवलंस?”
“बुजवलं.”
“बरं केलंस. फार धूळ यायची.”

एवढंच. धूळ.
मी हातमोजा काढून ठिगळावर बोट फिरवलं.
थर जाड आहे, चांगला बसलाय,
पण कड लागते.
माहीत असेल त्याला लागते.

ताता उठले, चाचपडत आले,
दाराशी वाकले,
आणि बरोबर तिथेच हात ठेवला.