आधी पुरून येतो

एकोणिसाव्या वर्षी मला हाक आली.
जालन्यात, मे महिन्यात, तरुणांच्या शिबिरात.
पाळकसाहेबांच्या तोंडून नाही,
मधल्या सुट्टीत, रांजणापाशी, ग्लास हातात असताना.
कुणी बोललं नाही, तरी ऐकू आलं: चल.
मी म्हणालो, येतो. पण बाप आहे.
त्याला पुरून येतो.

बाप तेव्हा दम्यानं रात्र काढायचा, उशा रचून, बसल्या बसल्या.
डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती.
बावीस दिवाळ्या जगला.
बावीस वर्षं मी हाक मारणाऱ्याला
रोज सकाळी बाप दाखवायचो:
बघ, हाय अजून.

आमचं काम दफनभूमीचं.
आजानं खणलं, बापानं खणलं, मी खणतो.
वर दीड हात काळी, मग मुरूम,
मुरमाखाली असा दगड की पहार उलटी मनगटात वाजते.
सोयरिकीच्या वेळी मार्थाच्या बापानं विचारलं, पोरगा काय करतो?
काका म्हणाला, जमिनीचं काम आहे.
खोटं नव्हतं.

शुभवर्तमानात असाच एक जण म्हणतो, आधी बापाला पुरू दे.
त्याला काय उत्तर मिळालं ते मला पाठ होतं.
तो वचनाचा रविवार आला की मी मागच्या बाकावर,
नजर चपलांवर.
मेलेल्यांचं मेलेले बघतील, ठीक आहे,
पण खणायला माणूस लागतो
आणि निरोप माझ्याच घरी येतो.

मग बाप गेला.
खणलं, उतरवला, माती लोटली.
दुसऱ्या दिवशी कुदळ धुवून गेटात उभा राहिलो.
म्हटलं, आता बोल.
मोसंबीचा एक टेम्पो गेला.
एक बाई बकरी हाकत गेली.
वाटलं, उशीर झाला आपल्याला.
खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं.

मार्चमधली रात्र. एमआयडीसीकडचं आभाळ
भट्ट्यांनी तांबडं.
दोन पोरं गेटात. बोली ओडिशाची, हिंदी तुटकी.
तिसरा सळईच्या कारखान्यात भाजला,
तीन दिवस सरकारी दवाखान्यात काढून गेला.
पोलिसांचा कागद होता, गुत्तेदाराचा फोन बंद.
मोबाईलमध्ये फोटो दाखवला:
काळ्या दोऱ्यात लाकडाचा क्रूस,
नाव जुनास डिगाल, वय माझ्या शिबिरातलं.

सेक्रेटरींना फोन केला.
सभासद आहे का? कुठल्या मंडळीचा? दाखला?
सकाळी मिटिंग घेऊ, रूबेन.
आपल्यालाच जागा पुरत नाही.

पुरत नाही.
मराठीत हा एक शब्द दोन कामं करतो.

अख्ख्या दफनभूमीत मऊ जागा एकच,
लिंबाखाली, मार्थाच्या डाव्या बाजूला.
माझी आहे. पावती कपाटात,
तिच्या बांगड्यांच्या डब्यात.
कुदळ उचलली तेव्हा हाक वगैरे काही नव्हती.
कंबर दुखत होती. डास होते.
एकानं मोबाईलची बॅटरी धरली,
दुसऱ्यानं न विचारता घमेलं उचललं.
छातीएवढा खाली गेलो, वर पाहिलं
तर उजेडापुढं नुसते हात दिसत होते,
खाली आलेले, रिकामे,
माती मागणारे.

पहाटे पाळकसाहेब आले, सायकलवर, झग्याविना.
प्रार्थना केली. पोरांच्या बोलीतलं एक गीत
पोरांनीच म्हटलं, मध्येच विसरले.

मिटिंग झाली ती नंतर.
सेक्रेटरी म्हणाले, तुझी जागा गेली की रे.
गेली, म्हटलं.

नोकरी सोडली नाही. कुठं गेलोही नाही.
पोरांच्या खोलीला गुत्तेदारानं कुलूप घातलेलं,
म्हणून त्यांना घेऊन घरी आलो.
माळ्यावरून बापाच्या उशा काढल्या,
झटकल्या, उन्हात टाकल्या.
चुलीवर चहा ठेवला, तीन कप,
मग आणखी एक काढून ठेवला, काहून कोण जाणे.

येतो म्हणालो होतो.